युरेनियमच्या बंद खाणीवर गवत कशासाठी लावायचं?

अक्कलकोटच्या एका कृषी पदवीधर मुलीने विचारलंय: युरेनियमची खाण बंद झाल्यावर तिथली माती आणि झाडोरा पुन्हा उभा करता येतो का? सूर्यफूल, मोहरी लावली की जमिनीतलं युरेनियम ती शोषून घेतात असं तिने वाचलंय, ते कितपत खरं? आणि तिच्या मावशीचं सासर यादगीर जिल्ह्यात शहापूर तालुक्यात, गोगीच्या शेजारी आहे. उद्या तिथे खाण निघाली तर मावशीच्या रानाचं आणि आपल्या भीमेचं काय?

मी माती-गवताचा माणूस. खाणींच्या ढिगाऱ्यांवर मातीचं कवच घालणं आणि त्यावर गवत जगवणं हेच काम करत आलो, आता सोलापुरात असतो. तेव्हा उत्तर थोडं लांबेल.

भीमेचं आधी सांगतो, ते सोपं आहे. भीमा पंढरपूर करून अक्कलकोटच्या कडेने कर्नाटकात उतरते आणि कलबुर्गी, यादगीरच्या हद्दीतून पुढे रायचूरजवळ कृष्णेला मिळते. गोगी आपल्या खालच्या अंगाला आहे. तिथलं पाणी उलटं चढून सोलापुरात यायचं नाही. घोर लागायचा तो खालच्या गावांना, आणि त्यात तुमची मावशी येते. गोगीला आजवर शोधकामासाठी खोदाई झाली, पूर्ण खाण आणि कारखाना उभा राहिलेला नाही. झारखंडात जादुगुड्याला युरेनियमची खाण निघाली, तिथल्या लोकांना १९६७ साली मिळाला नाही तो वेळ मावशीला मिळालाय. त्याचं काय करायचं ते शेवटी सांगतो.

सोलापूरच्या स्वतःच्या खडकाबद्दल शंका असेल तर ती काढून टाका. आपल्या पायाखाली दख्खनचा काळा पाषाण आहे, त्यात युरेनियम १ पीपीएमच्या (म्हणजे टनामागे एक ग्रॅमच्या) आसपास किंवा त्याहूनही कमी. ग्रॅनाइटमध्ये साधारण ३ ते ५. उलट सुपर फॉस्फेट ज्यापासून बनतं त्या रॉक फॉस्फेटमध्ये ५० ते १५० पीपीएम सहज सापडतं, आणि ते खत आपण वर्षानुवर्षं उसाला घालतोय. म्हणून उद्यापासून खत बंद करू नका! नाव ऐकून दचकायचं नाही, किती आहे, कुठे आहे आणि हलतंय का, हे विचारायचं, एवढंच.

आता सूर्यफूल. ही गोष्ट निखालस खोटी नाही, म्हणूनच ती मरत नाही. अमेरिकेत ओहायो राज्यात ॲश्टाब्युला इथे १९९० च्या दशकात युरेनियम मिसळलेल्या पाण्यात सूर्यफुलाची मुळं सोडून पाणी साफ करण्याचे प्रयोग झाले आणि ते चांगले उतरले. चेर्नोबिलजवळच्या एका तळ्यातही सीझियम आणि स्ट्रॉन्शियमसाठी सूर्यफूल वापरून पाहिलं गेलं. पण ते पाणी होतं. पाण्यात युरेनियम विरघळलेलं असतं आणि मुळाला येऊन चिकटतं. मातीत ते कणांना धरून बसतं, आणि जे मुळात शिरतं तेही बहुतेक मुळातच राहतं. खोडापानांत फार थोडं चढतं.

कागदावर हिशेब करून बघा. जमिनीत १०० पीपीएम युरेनियम आहे असं धरा, म्हणजे टनामागे १०० ग्रॅम. एका हेक्टरवरची वरची ३० सेंटीमीटर माती सुमारे ४,००० टन भरते. म्हणजे ४०० किलो युरेनियम. सूर्यफुलाचं हेक्टरी १० टन वाळकं पीक आलं (आपल्या कोरडवाहूत येत नाही, पण धरू) आणि खोडापानांत १० पीपीएम चढलं, तर एका पिकात निघालं १०० ग्रॅम. असली ४,००० पिकं घ्यावी लागतील. शिवाय दर वर्षी निघणारं ते किरणोत्सारी सरमाड टाकायचं कुठे? सायट्रिक आम्ल घातलं की पीक कितीतरी पट जास्त उचलतं, हे प्रयोगात दिसलंय. पण आम्लाने मोकळं झालेलं सगळंच काही मुळाच्या हाती लागत नाही. उरलेलं पाण्याबरोबर खाली विहिरीकडे निघतं. कुंडीत हे खपून जातं, कारण कुंडीला बूड असतं.

तेव्हा झाडं लावायची ती युरेनियम उपसायला नाही. मग कशाला? त्यासाठी खाण मागे काय ठेवते ते पाहायला हवं.

खड्डा ही फारशी मोठी अडचण नसते. अडचण असते चोथ्याची, ज्याला कारखान्यात टेलिंग म्हणतात. जादुगुड्याचं खनिज फार गरीब आहे, टनाला अर्धा-पाऊण किलो युरेनियम. म्हणजे टनभर खडक पिठासारखा बारीक दळायचा, रसायनात घोळवायचा, त्यातून अर्धा-पाऊण किलो माल काढायचा, आणि उरलेला जवळपास सगळा टन चोथा म्हणून कुठेतरी ठेवायचा. त्यातला जाड भाग खाणीच्या पोकळीत परत भरतात; बारीक गाळ चुन्याने आम्ल मारून टेलिंग तलावात जातो. आता गंमत अशी की युरेनियम काढून घेतलं तरी मूळ खनिजातली सुमारे ८५ टक्के किरणोत्सारिता त्या चोथ्यातच राहते, कारण युरेनियमची पिलावळ, म्हणजे थोरियम, रेडियम वगैरे, मागेच राहिलेली असते. रेडियम-२२६ निम्मं व्हायला १,६०० वर्षं लागतात. पण त्याला थोरियम-२३० कडून सतत भर मिळत राहते, आणि त्याचं अर्धायुष्य सुमारे ७५,००० वर्षं. म्हणजे आपल्या हिशेबाने रेडियम संपतच नाही. रेडियमपासून निघतो रेडॉन, हा किरणोत्सारी वायू. तो चोथ्यातून वर येतो आणि हवेत जातो.

चोथ्यात माती म्हणण्यासारखं काही नसतं. घडण नाही, सेंद्रिय कर्ब नाही, नत्र नाही. पावसात लापशी होते, उन्हात वरचा थर सिमेंटसारखा बसतो, वारा सुटला की धूळ उडते. खनिजात पायराइट, म्हणजे लोखंड-गंधकाचं खनिज असेल तर हवा आणि पाणी लागून गंधकाम्ल तयार होत राहतं, आणि ते आम्ल तांबं, मँगनीज, युरेनियम सगळं सोडवून घेऊन ओढ्याला लागतं. ऑस्ट्रेलियातल्या रम जंगलचं हेच झालं. १९५० च्या दशकात सुरू झालेली खाण १९७१ ला बंद झाली, आम्लपाण्याने फिनिस नदीची पूर्वेकडची शाखा मारली. १९८० च्या दशकात सरकारने ढिगाऱ्यांवर मातीचं कवच घालून गवत लावलं. काही वर्षं छान दिसलं. पुढे कवच खालावलं, आम्ल पुन्हा पाझरायला लागलं, आणि आता तेच काम दुसऱ्यांदा हाती घ्यावं लागलंय. वर गवत हिरवं होतं, हे लक्षात घ्या.

गोगीची गोष्ट वेगळी असणार. तिथे भीमा खोऱ्याचा चुनखडक आणि त्याखाली ग्रॅनाइट. चुनखडकावर आम्ल ओतलं तर सगळं आम्ल चुनाच खाऊन टाकेल. म्हणून आंध्रात तुम्मलपल्लेला, जिथे असाच डोलोमाइटी चुनखडक आहे, सोड्याची प्रक्रिया वापरतात: सोडियम कार्बोनेट आणि बायकार्बोनेट. तिथला चोथा आम्लारी आणि सोडियमने भरलेला. सोलापूरच्या शेतकऱ्याला याचा अर्थ सांगावा लागत नाही: ही चोपण जमीन. उजनीच्या कालव्याखाली उसाला पाणी पाजून पाजून जी रानं गेली त्यांची सख्खी बहीण. सामू (पीएच) ८.५ च्या वर, पाणी मुरत नाही, ओली असली की पायाला चिकटते, वाळली की ढेकूळ फुटत नाही.

आणि इथे आपल्याला तोंडपाठ असलेलं उत्तर चुकतं. चोपण सुधारायची तर आपण काय करतो? जिप्सम टाकतो, भरपूर पाणी देऊन सोडियम धुऊन काढतो, चर काढून निचरा करतो. रानात हे बरोबर आहे. चोथ्यावर हे केलं तर धुतलेलं पाणी एकटा सोडियम घेऊन जात नाही. युरेनियम कार्बोनेटबरोबर जोडी जमवतं आणि त्या रूपात पाण्यात आरामात वाहतं. त्यात जिप्सममधलं कॅल्शियम मिळालं की तयार होणारी त्रिकूट संयुगं मातीच्या कणांना धरतच नाहीत. म्हणजे जमीन सुधारण्याच्या नादात आपण युरेनियमला विहिरीची वाट दाखवतो. आम्लाच्या चोथ्यावरही हाच धोका दुसऱ्या बाजूने आहे. चुना लागतो, पण सामू सहा-सातच्या पुढे ढकलत नेला आणि कार्बोनेट वाढलं की युरेनियम पुन्हा चालू लागतं. ‘थोडा जास्तच टाका’ हा आपला स्वभाव इथे नडतो.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. चोथ्याची माती करायच्या फंदात पडू नये. तो झाकावा, आणि माती वर नव्याने बांधावी. त्या कवचाकडून दोन कामं करून घ्यायची: पावसाचं पाणी खाली चोथ्यापर्यंत जाऊ द्यायचं नाही आणि रेडॉन वर येऊ द्यायचा नाही. अमेरिकेने १९७८ च्या कायद्यानंतर यासाठी जी मापं ठरवली ती डोळ्यांसमोर ठेवण्याजोगी आहेत. कवच शक्य तिथे १,००० वर्षं आणि कोणत्याही परिस्थितीत किमान २०० वर्षं टिकलं पाहिजे, चौरस मीटरमधून सेकंदाला सरासरी ०.७४ बेक्वेरेलपेक्षा (किरणोत्साराचं माप) जास्त रेडॉन निसटता कामा नये. आजूबाजूच्या साफ केलेल्या जमिनीत वरच्या १५ सेंटीमीटरमध्ये रेडियम नैसर्गिक पातळीपेक्षा किलोमागे सुमारे १८५ बेक्वेरेलहून जास्त नको. २०० वर्षं म्हणजे कंत्राटदार, अधिकारी, तुम्ही, मी, कोणीही नसणार. तेव्हा जे काही उभं राहील ते माणसाने लक्ष न देताही चालणारं हवं.

रेडॉनचं गणित मजेशीर आहे. त्याचं अर्धायुष्य जेमतेम ३.८ दिवस. त्याला कवच ओलांडायला काही आठवडे लागतील एवढं अडवलं की तो वाटेतच संपतो. ओल्या, दाबलेल्या चिकणमातीतून तो जवळपास सरकतच नाही, कारण छिद्रांत हवा नसते. तीच माती वाळली की त्याला मोकळा रस्ता. म्हणजे जाडीइतकंच, किंबहुना जाडीपेक्षाही, ओलीला महत्त्व.

आता आपल्याकडे चिकणमाती म्हटलं की काळी माती डोळ्यांसमोर येते. कवच घालणाऱ्यांनाही तीच सुचते, कारण ती जवळ आणि फुकट मिळते. मे महिन्यात मंगळवेढ्याच्या काळ्या रानात एकदा उभे राहा. भेगेत सळई सोडा, हात-दीड हात सहज खाली जाते, कुठे त्याहून जास्त. भेगेच्या काठावर बोट फिरवा, भुसभुशीत खडे आत गळतात. वळवाचा पहिला पाऊस अशा रानात पसरत नाही, भेगांतून थेट तळाशी जातो. वरची ढेकळं अजून कोरडी असतात आणि खाली चिखल झालेला असतो. ज्वारीला हे मानवतं. पण हीच माती चोथ्यावर उघडी टाकली तर उन्हाळाभर भेगांतून रेडॉन वर, आणि जूनमध्ये त्याच भेगांतून पाणी खाली. दोन्ही कामं एकदम फसली. काळी माती वापरायचीच तर ती अशा खोलीवर गाडायची की उन्हाळ्यातही तिची ओल हलणार नाही.

पाण्याचं सांगताना आपल्या लोकांना सगळ्यात जास्त अवघड जातं. महाराष्ट्रात पाणलोटाचं काम केलेल्या माणसाच्या हाडीमाशी ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ भिनलेलं असतं. डोंगर दिसला की सलग समतल चर खणायचे. युरेनियमच्या ढिगाऱ्यावर समतल चर म्हणजे पाण्याला आत जायला काढून दिलेल्या खिडक्या. तिथे पाणी अडवायचं, पण जिरवायचं नाही. वरच्या मातीत धरून ठेवायचं आणि गवताकडून पुन्हा हवेत उडवायचं. झाडोऱ्याचं खरं काम हे आहे. मुळं जमिनीला धरतात हे झालंच, पण पाणी चोथ्यापर्यंत पोहोचायच्या आत ते ओढून पानांतून सोडून देणारा पंप दुसरा कुठून आणणार?

आणि या कामाला आपला मुलूख बरा आहे. सोलापूरला वर्षाला सरासरी ५५० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि हवेची पाणी ओढायची ताकद त्याच्या दुपटी-तिपटीची. अमेरिकेत यूटा राज्यात माँटिसेलोला, जिथे हवा अशीच कोरडी आहे, युरेनियम कारखान्याच्या चोथ्यावर २००० साली असंच कवच घातलं: वर जाड मातीचा थर, त्याखाली वाळू, पृष्ठभागावर तिथली स्थानिक झुडपं आणि गवत. तळाला पाणी मोजायची सोय ठेवली होती. झिरपलेलं पाणी अगदी नगण्य निघालं. त्यांच्याकडे हिवाळ्यात बर्फ पडतो आणि तेव्हा झाडं झोपलेली असतात. आपल्याकडे पाऊस आणि वाढ एकाच हंगामात, हा आपला फायदा. तोटा हा की आपला पाऊस रीतीने पडत नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये जिल्ह्यात दोन दिवसांत काय झालं ते तुम्ही पाहिलंय. कवच सरासरीवर नाही, अशा दिवसावर बेतायचं.

आपल्याच मालावर मला हे बांधायचं झालं तर मी असं करेन. आधी ढिगाऱ्याचे उतार मोडून चारास एक, पाचास एक असे मंद करून घ्यायचे. उभ्या उतारावर पुढचं काहीच टिकत नाही. चोथ्यावर काळी चिकणमाती योग्य ओलीवर, थर देत, रोलरने दाबून. तिच्यावर क्रशरच्या खडीचा थर. ही खडी फार कामाची. आपल्या हवेत केशाकर्षणाने खालचा खार वर चढतो आणि पांढरा फुलोरा येतो, तुम्ही चोपण रानात पाहिला असेल. खडीची मोठी छिद्रं ती चढण तोडतात. वरून येणारं पाणीही बारीक मातीतून खडीत सहजी उतरत नाही, मातीतच थबकतं, म्हणजे मुळांना जास्त काळ मिळतं. आणि कोरड्या खडीत मुळं फारशी शिरत नाहीत. खडीच्या वर दीड मीटर किंवा जास्त मध्यम पोताची माती, आणि तिच्या अगदी वरच्या वीतभर थरात मुरूम-खडी मिसळलेली, म्हणजे धो-धो पावसात माती वाहायला लागली तरी खडे उघडे पडून उरलेली झाकली जाते.

त्या दीड मीटर मातीवर रोलर फिरवायचा नाही! पोकलेनने सैल ओतून सोडून द्यायची. हे सांगूनही लोक ऐकत नाहीत. सपाट, तुळतुळीत दिसलं की बिल पास होतं असा समज आहे, आणि डोझर चार फेऱ्या मारून जातो. मग पहिल्या पावसाळ्यात गवत बोटभर उगवून पिवळं पडतं, आणि दोष बियाण्याला लागतो. खालची चिकणमाती दाबलेली हवी आणि वरची सैल, एवढं एक वाक्य निविदेत ठळक छापून घ्यावं.

खर्च कुठे लपलेला असतो तेही बघा. १० हेक्टरवर दीड मीटर म्हणजे दीड लाख घनमीटर माती. १४ घनमीटरचा हायवा धरला तर दहा हजारांहून जास्त खेपा. ती माती कुणाच्या तरी रानातून निघणार. तलावांतला गाळ हा एक मार्ग, आपल्याकडे गाळ उपसून शेतात नेण्याची सवय आहेच. पण गाळही चिकण असतो आणि भेगाळतो, त्यात मुरूम मिसळावाच लागतो. नवी खाण असेल तर हा प्रश्न उभाच राहू द्यायचा नाही: खोदण्याआधी वरची माती वेगळी काढून दोन मीटरपेक्षा कमी उंचीच्या ढिगांत ठेवायची आणि त्यावर गवत पेरून ती जिवंत ठेवायची. उंच ढीग केला की आतलं सगळं गुदमरून मरतं.

आता गवत. बाहेरून काही आणायची गरज नाही. नान्नजच्या माळावर जे हजारो वर्षं टिकलंय तेच घ्या. पवन्या, मारवेल, कुसळी. कुसळीचं बी तळहातावर घेऊन त्यावर थेंबभर पाणी टाका: वाळलेलं कुसळ पीळ सोडत गोल फिरायला लागतं आणि टोक जमिनीत घुसवतं. पेरणीचं यंत्र बियाण्यालाच बसवलेलं आहे. दिवाळीच्या सुमारास बी गोळा करायचं, कोरड्या जागी ठेवायचं, कारण ताजं बी नीट उगवत नाही, आणि पावसाच्या तोंडावर धूळपेर करायची. मारवेल बियाण्यापेक्षा ठोंबांनी भरवशाचा. नत्रासाठी सोबत स्टायलो हा शेंगवर्गीय चारा टाकावा. तो बाहेरचा आहे, पण आपल्या माळांवर रुळलाय. पहिल्या वर्षी शेणखत हेक्टरी पाच-दहा टन पुरे, युरियाची घाई नको, नाहीतर तणच माजतं.

एक अडचण उरते. गवत डिसेंबरात वाळतं, आणि परतीच्या पावसाची ओल तशीच खोलवर राहते. तिचा उपसा करायला उन्हाळ्यातही हिरवं राहणारं काहीतरी हवं. मी तरवड सुचवेन. भर एप्रिलात हिरवा असतो, शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत, आणि तो झुडूपच राहतो.

मोठी झाडं नकोत. वृक्षलागवडीचं उद्दिष्ट घेऊन आलेल्या साहेबांना हे पटवणं फार कठीण जातं. खड्डा आणि रोप याशिवाय फोटो कसा निघणार? पण वादळात झाड उन्मळलं की त्याच्या मुळांबरोबर कवचाचा गड्डा निघतो. आणि मुळांची खोली हा गमतीचा विषय नाही. अमेरिकेत ॲरिझोनातल्या एका उघड्या खाणीत मेस्काइट या काटेरी झाडाची मुळं ५० मीटरहून खोल सापडली होती. आपली वेडी बाभूळ त्याच कुळातली. पेन्सिल्व्हेनियात बरेल इथे चोथ्याच्या कवचावर जपानी नॉटवीड नावाचं तण आपोआप उगवलं आणि त्याची मुळं रेडॉन अडवणाऱ्या चिकणमातीत शिरली. जिथे मुळं होती तिथून पाणी जास्त झिरपत होतं. वेडी बाभूळ तुम्ही लावली नाही तरी येणारच, शेळ्यांच्या लेंड्यांतून. म्हणून दर वर्षी श्रावण-भाद्रपदात, माती ओली असताना, हाताएवढी रोपं मुळासकट उपटायला माणसं लावायची. या कामाला कुणी पैसे ठेवत नाही, आणि इथूनच कवच जायला सुरुवात होते.

चराईबंदी तर हवीच, आणि ती केवळ गवत वाचावं म्हणून नाही. रेडियम रसायनशास्त्राच्या दृष्टीने कॅल्शियमच्या घराण्यातलं. झाड आणि जनावर दोघंही त्याला कॅल्शियम समजून घेतात; युरेनियमपेक्षा ते पानांत जास्त चढतं, जनावराच्या हाडांत बसतं, दुधात उतरतं. कवच धड असेल तर गवतात फार काही येऊ नये, पण ते मोजून पाहायचं. मोजतानाही एक खुबी आहे. गवताच्या नमुन्याचे दोन भाग करा, एक तसाच तपासायला द्या आणि एक साध्या पाण्याने तीनदा धुऊन. न धुतलेल्यात आकडा मोठा आणि धुतलेल्यात अगदी लहान आला तर मुळातून काही चढत नाहीये, कुठूनतरी धूळ येऊन पानावर बसतेय. मग गवत बदलून काय होणार? उघडा राहिलेला चोथा शोधायला निघायचं. आणि लक्षात असू द्या, गाय गवत धुऊन खात नाही.

हे सगळं होतं का कुठे? होतं. पूर्व जर्मनीत थुरिंगिया आणि सॅक्सनीत विस्मुट कंपनीने १९४६ ते १९९० या काळात २ लाख टनांहून जास्त युरेनियम काढलं. एकीकरणानंतर रोनेबुर्गजवळचा लिश्टेनबर्गचा प्रचंड खड्डा आजूबाजूच्या ढिगाऱ्यांनीच भरला, वर मातीचं कवच घातलं, आणि २००७ साली तिथल्या परिसरात देशाचं उद्यान-प्रदर्शन भरलं. आज फोटो पाहिले तर खाण होती हे सांगूनही पटत नाही. पण त्यामागे ६ अब्ज युरोंहून जास्त सरकारी पैसा गेला आहे, आणि खाणीतून येणारं पाणी शुद्ध करणं अजून चालूच आहे, पुढेही बरीच वर्षं चालेल. ऑस्ट्रेलियात काकाडू राष्ट्रीय उद्यानाने वेढलेल्या रेंजर खाणीला तर चोथा खड्ड्यात परत भरून १०,००० वर्षं वेगळा ठेवण्याची अट आहे. तिथल्या कारखान्याचं काम २०२१ च्या जानेवारीत थांबलं, आणि डागडुजीचा खर्च आणि मुदत दोन्ही पहिल्या अंदाजाच्या पुढे गेली. तेव्हा ‘करता येतो का’ याचं उत्तर हो. पण त्यासाठी पैसा खाण चालू असतानाच बाजूला काढून ठेवलेला असावा लागतो.

आता मावशी. खाण येवो न येवो, आजची स्थिती लिहून ठेवायची. त्या भागात खाली ग्रॅनाइट आहे, त्यामुळे काही बोअरच्या पाण्यात नैसर्गिकरीत्याच युरेनियम असू शकतं. पुढे खाण झाली आणि आकडा वाढलेला दिसला तर ‘हे आधीपासूनच होतं’ असं एक बाजू म्हणेल आणि ‘खाणीमुळेच झालं’ असं दुसरी, आणि कुणाकडेच पुरावा नसेल. पिण्याच्या पाण्यात जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला ३० मायक्रोग्रॅम, आपल्या भारतीय मानकातही आता तीच. अणुऊर्जा नियामक मंडळाची ६०.

मेच्या शेवटी आणि ऑक्टोबरच्या शेवटी, असं वर्षातून दोनदा पाणी घ्या. मोटार दहा-पंधरा मिनिटं चालू द्या, मग बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून भरा. दोन बाटल्या. एकीत गाळलेलं पाणी, त्यात प्रयोगशाळेने दिलेलं नायट्रिक आम्लाचं माप, नाहीतर युरेनियम बाटलीच्या भिंतीला चिकटून बसतं आणि आकडा खोटा येतो. दुसरी तशीच, तिच्यातून सामू, बायकार्बोनेट, सल्फेट, सोडियम, क्षारता. सल्फेट आणि सोडियम स्वस्तात तपासून मिळतात आणि गळती सुरू झाली तर बहुतेकदा युरेनियमच्या आधी तेच हलतात. रानातल्या पाच जागांहून ० ते १५ आणि १५ ते ३० सेंटीमीटरची माती घ्या, निम्मी तपासायला द्या, निम्मी झाकणाच्या बरणीत तारीख-गट क्रमांक लिहून घरी ठेवा. अहवालाची एक प्रत ग्रामपंचायतीत द्या आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय उठू नका.

मावशीचा बोअर किती फूट आहे, पाणी चुनखडकात लागलंय की ग्रॅनाइटमध्ये, आणि उन्हाळ्यात पातळी कुठवर उतरते, एवढं कळवा. आधी कोणत्या विहिरीचं पाणी द्यायचं ते त्यावरून सांगतो.